तिनं हात केला नव्हता

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना अर्धं माहीत आहे, ते त्यांच्यापुरतं. उरलेलं अर्धं माझ्यापाशीच राहिलं. माझ्या आईला मी सगळं सांगायची, तिलाही हे सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा उशाशी बसले होते, ओठांपर्यंत आलं होतं — आणि मी तिला चमच्यानं पाणी पाजलं.

तू कोण आहेस मला ठाऊक नाही. बाई असशील असं समजून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, बावड्याला. पुढं धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून घरी बसवलं. पण वाचत आले, मिळेल ते, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. म्हणून लिहिता येतं. बोलता येत नाही. चार माणसं समोर आली की मान खाली जाते आणि शब्द घशातच राहतो. लोक म्हणतात, जुबेदा गरीब आहे, तिला खोटं बोलताच यायचं नाही. लाजणाऱ्या माणसाबद्दल लोक असं का धरून चालतात? मला अजून कळलेलं नाही. पण मी त्याचा फायदा घेतला, हे आधीच लिहून ठेवते.

आता कुठून सुरू करू? गाडीपासून करते.

लग्न होऊन मी सणसरला आले. ह्यांचं — सलीम त्यांचं नाव — आधी पंक्चरचं दुकान होतं, मग जुनी व्हॅन घेतली. पांढरी, सरकत्या दाराची, पांढऱ्या पाटीची. पांढरी पाटी म्हणजे गाडी घरच्या वापराची. भाड्यानं चालवायची तर पिवळी पाटी लागते, परवाना लागतो, आणि विमा भारी पडतो. आमच्या भागात कितीतरी गाड्या अशाच चालतात, बाहेर पांढरी पाटी आणि आत भाडं. दवाखान्याला, साखरपुड्याला, बारामतीच्या बाजाराला. फाट्यावर माणूस उभा असतो, गाडी दिसली की हात करतो, गाडी थांबते. कुणी अडवून विचारलंच तर सगळ्यांनी म्हणायचं, आमी पाव्हणं हाय.

ह्यांनी त्यात एक जास्तीची तोड काढली होती. ती तोड म्हणजे मी. बायकांचं भाडं असलं की मला बरोबर घ्यायचे. मी आत बसले, मांडीवर डबा ठेवला, की गाडी घरची दिसायची. निघताना सांगायचे, "आज ह्या तुझ्या मावशी हायत बरं का." कधी मामाची सून, कधी आत्या. हिंदू बाई असली तर म्हणायचे, "ही तुझ्या मैत्रिणीची आई." मी मनातल्या मनात ते नातं घोकायची. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. बाहेर मी कुणाशी बोलू शकत नव्हते, पण त्या व्हॅनमध्ये, शेजारी बसलेल्या त्या अनोळखी बाईची मी भाची असायची. बायका मला पोटातलं सांगायच्या. एखादीला मळमळलं तर मी कपाळ धरायची. एकीचं बाळ तर बारामतीपर्यंत माझ्या मांडीवर झोपून गेलं होतं. उतरली की नातं संपलं. पण तेवढा वेळ ते खोटं वाटायचं नाही.

खोटं नातं लावायची मला अशी सवय होती. पुढं मी जे केलं ते उलटं होतं. मी एका खऱ्या माणसाला गाडीतून काढून टाकलं.

थांब, विम्याचं सांगायचं राहिलं. ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

विम्याचा एजंट दर वर्षी घरी यायचा, बडबड्या माणूस. त्या वर्षी तो चहा पिता पिता ह्यांना समजावत होता की विमा कशाकशावर ठरतो. गाडी किती जुनी, पाटी कुठली, गॅसची टाकी बसवली आहे का, मागच्या वर्षी नुकसानभरपाई मागितली होती का. मागितली नसेल तर सूट मिळते.

"गाडी म्हातारी झाली, भाई," तो म्हणाला. "हिचा फुल विमा काढून काय करताय? नुसता थर्ड पार्टी काढा. कायद्याला तेवढा पुरं."

"आन त्यात काय काय येतं?"

"रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या गाडीचा धक्का लागला, तर कंपनी भरपाई देती. गाडीचं काय झालं तर न्हाय. आत बसल्याल्या माणसाचंबी न्हाय. आतल्यांचं थोडं जादा भरून घालता येतं, पर ते घरच्या माणसांपुरतं. भाड्याचं माणूस बसवलं आन कंपनीला कळलं, तर मग इसरा."

हे हसले. "म्हंजी रस्त्यावरचा परका त्यो कंपनीचा, आन आतला पाव्हणा त्यो आमचा?"

"आन तुमचं पाव्हणं तर लई, भाई. दर आठवड्याला नवी मावशी!" दोघंही हसले. मग तो माझ्याकडं वळला. "भाभी, तुमी सांगा. घालू का आतल्यांचं?"

आत कोण बसतं हे त्या दोघांपेक्षा मला जास्त माहीत होतं. मी बसते. त्या बायका बसतात. दाराची कडी ढिली झाली आहे हेही मला माहीत होतं, कारण दाराजवळ मीच बसायची. 'घाला' एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घातली आणि कपबशा उचलल्या.

"ऱ्हाऊ द्या," हे म्हणाले. "आपली माणसं आपुन बघू."

पण ही ती चूक नव्हे. लाजेनं गप्प राहणं, ते मी आयुष्यभर केलं. त्याच्यासाठी मी लिहायला बसले नसते.

हौसाबाई आमच्या घरापासून लांब, कालव्याच्या अंगाला वस्तीवर राहायच्या. त्यांची मुलगी मंगल नवऱ्यामागं आईकडंच परत आली होती. दोन गाई, दुधावर घर. हौसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. माणूस कळायचा नाही, उजेड आणि अंधार कळायचा. मला त्या आवाजावरून ओळखत, आणि मी तर बोलत नाही, म्हणून म्हणायच्या, "कोण गप हुबं हाय? जुबेदाच आसंल."

एक दिवस दुपारी पिठाच्या गिरणीत त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जुबे, सकाळी तुमची गाडी बारामतीला जाती म्हणं. मला घिऊन चला. डोळं करून घ्येते."

मी विचारलं, मंगलताई?

"तिला सांगू नगंस. सांगितलं तर गाई टाकून माझ्यामागं येती, आन धारंचं हाल. मी जाते, डोळं करते, आन तिच्या म्होरं येऊन हुबी ऱ्हाते. दोन वर्सं झाली, लेकीचं तोंड धड दिसलं न्हाय. आवाजावर दिवस काढतीया. आन आवाज हल्ली रागाचाच आसतो तिचा." आणि स्वतःच हसल्या.

कपडे न्यायला त्यांच्याकडं पिशवी नव्हती. घरातली घेतली तर मंगल विचारील. म्हणून मी माझी दिली. ह्यांच्या जुन्या लुंगीची शिवलेली होती, निळ्या चौकड्यांची. बंद लांब ठेवले होते मी, खांद्याला अडकवता यावेत म्हणून. ही पिशवी लक्षात ठेव.

थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम. हे पहाटेची नमाज पढून आले आणि आम्ही निघालो. कालव्यावरून धुकं उठून रस्त्यावर पसरलं होतं. दिव्यांचा उजेड पुढं जायचाच नाही, तिथंच भिंतीवर पडल्यासारखा पडायचा. दोन्ही बाजूंना ऊस. फाट्याजवळ आलो तेव्हा धुक्यातून आधी दिसला तो हात. वर केलेला, थोडा हलणारा. मग पिशवी, मग हौसाबाई.

गाडीत बसल्या तरी हसतच होत्या. "मगाधरनं आवाज येईल त्याला हात करतीया. एक टॅक्टरवाला, कुठला परगावचा, जाता जाता म्हणतो, म्हातारे, उसाच्या ट्रॉलीत चढतीस व्हय?"

"जावा की मग कारखान्यावर, साखर व्हऊन परत या," हे पुढून म्हणाले. हौसाबाईंनी त्यांना मनापासून एक शिवी दिली.

त्यांना मळमळतं म्हणून मी त्यांना खिडकीशी, म्हणजे दाराजवळ, माझ्या जागेवर बसवलं. त्यांनी पदराच्या गाठीतल्या भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. आणि सांगायला लागल्या — हे मी अक्षर न अक्षर लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाजवळ नाही. म्हणाल्या, "रातच्याला मंगल लई बोलली. दुधाची किटली लवंडली माझ्या हातनं. बोलू दे बापडी. दिसाया लागलं की धार मीच काढती. मंग बघू कोण कुणाला बोलतंय."

चिडल्या नव्हत्या, रडल्या नव्हत्या. लेकीला हरवायचा बेत करणाऱ्या लहान मुलीसारख्या दिसत होत्या.

कालव्यावरच्या मोरीच्या, त्या लहान पुलाच्या, वळणावर रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, फडकं नाही. हे ओरडले, गाडी वळवली. गाडी ट्रॉलीला लागली नाही. कशालाच लागली नाही. एक चाक खाली उतरलं, गाडी कलली, हौसाबाईंच्या बाजूचं दार सरकत मागं गेलं — आणि जागा रिकामी झाली. ओरडणंसुद्धा ऐकू आलं नाही. माझ्या ओंजळीतल्या शेंगा ओंजळीतच होत्या.

हौसाबाई मोरीच्या कठड्याशी पडल्या होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते, पांढुरके, वर धुक्याकडं. ह्यांनी नाकाशी हात धरून पाहिलं आणि उठले. पुढं ट्रॉली सुरू झाली, चाकं करकरली, निघून गेली. तिच्या माणसाला काही कळलंच नसावं.

मग आवाज यायला लागला. ठण्. ठण्. मला वाटलं हे गाडीवर राग काढताहेत. रोज सकाळी ज्या गाडीला फडक्यानं पुसायचे, तिचा पुढचा पत्रा आणि दिवा जॅकच्या दांड्यानं फोडत होते. एक घाव इथं वाजायचा आणि एक पलीकडच्या उसात. दोघंजण दोन गाड्या फोडताहेत असं वाटायचं. काच पडल्याचा आवाज आला आणि ते माझ्यापुढं येऊन उकिडवे बसले.

"जुबेदा, ऐक. त्या गाडीत न्हवत्या. रस्त्यात व्हत्या. एकदम म्होरं आल्या."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"आत व्हत्या म्हणलं तर मंगलला फुटकी कवडी न्हाय मिळायची. आपल्यापाशी काय हाय द्यायला? रस्त्यात व्हत्या म्हणलं तर कंपनी दील. कळतंय का?" त्यांचे दात वाजत होते. "आन ती पिशवी. आपल्या घरची हाय ती. टाक."

पिशवी मी टाकली. ह्यांनी नाही, मी. कालव्यात. वाटलं होतं बुडेल. ती बुडाली नाही, आत हवा धरून उभीच राहिली, आणि पाण्याबरोबर चालल्यासारखी धुक्यात गेली. बराच वेळ दिसत होती.

तर हे ह्यांना माहीत असलेलं अर्धं. तुला वाटेल झालं, कबुली संपली. नाही. मी अजून त्याच्याभोवती फिरते आहे, मला कळतं आहे ते.

पुढं पोलीस आले, पंचनामा झाला, ह्यांच्यावर गुन्हा नोंदला. वकील म्हणाला, म्हातारी अचानक समोर आली म्हणा, शिक्षा हलकी होईल. आणि माझ्याकडं पाहून एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "हात केला व्हता असं तोंडातनं जाऊ देऊ नका. हात केला म्हंजी गाडी भाड्याची. मग पाटी निघंल, पाव्हणं निघतील, सगळंच निघंल."

कंपनीचा तपास करणारा माणूस आला. तरुण होता, सभ्य. चप्पल बाहेर काढून आत आला. ह्यांना बाहेर बसवून मला एकटीला विचारलं, "ताई, घाबरू नका. त्या बाईंनी गाडी थांबवायला हात वगैरे केला होता का?" मी मान खाली घालून म्हणाले, नाही. परत विचारलं. नाही. उठताना ह्यांना म्हणाला, "वहिनींना खोटं सांगता येईल असं वाटत नाही." मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

कोर्टात तडजोड झाली. मंगलला भरपाई मिळाली. ह्यांना दंडावर सोडलं. तिनं घराला पत्रा घातला, तिसरी गाय घेतली. हे म्हणायचे, बघ, तिचं भलंच झालं की. आणि मीही तसं म्हणायची, मनात. बरेच दिवस म्हणत होते.

आता सांगते.

सगळं मिटल्यावर एके दुपारी मंगल आमच्या घरी आली. हे बारामतीला गेले होते, घरात मी एकटी तांदूळ निवडत होते. ती उंबऱ्यात बसली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"भाभी, एकच इचारते," ती म्हणाली. "आदल्या रातीला आय दुधाची किटली लवंडून बसली. माझं डोस्कं फिरलं. मी म्हणलं, आंधळे, मरत बी न्हाईस एकदाची. असं म्हणलं मी. ती कायबी बोलली न्हाय, झोपली. आन पहाटं उठून न सांगता गेली. कालव्याकडं."

मी तांदळात बोटं फिरवत होते.

"लोक म्हणत्यात तिला दिसत न्हवतं. पर उजेड कळायचा गं तिला. गाडीचं दिवं आलं की बाजूला व्हायची. मी रोज बघितलंय." मग ती जरा पुढं वाकली. "तिनं हात केला व्हता का? गाडीला? तुलाच ठावं. हात केला आसंल, तर ती कुठंतरी निगाली व्हती. कुठं का आसंना. पर न्हाय केला — तर मग ती माझ्या बोलण्यानं गेली."

बघ, काय मागत होती ती. गाडीत होती का, पाटी कुठली, भाडं होतं का, काही नाही. एवढंच. आणि त्याचं उत्तर खरंच 'व्हय' होतं. मी रचलेल्या त्या सगळ्या खोट्यात एवढी एक गोष्ट खरी सांगता आली असती. हात केला होता. वर करून हलवला होता. हसत होती. त्या हाताआधी मला तिचं दुसरं काही दिसलंही नव्हतं.

कोर्ट मिटलं होतं. कागद बंद झाले होते. हे घरात नव्हते. कुणी माझा गळा धरला नव्हता.

मी म्हणाले, "न्हाय."

का म्हणाले? सवयीनं म्हणाले असेन. तोच शब्द इतक्यांदा म्हटला होता की तोंडाशी तोच होता. पण तेवढंच नाही. त्या क्षणी मी विचार केला होता, आणि तो मला आठवतो. 'व्हय' म्हटलं तर ती पुढचं विचारील, मग का थांबला न्हाईत? आणि मला बोलावं लागेल. पुष्कळ बोलावं लागेल. 'न्हाय' म्हटलं की बोलणं संपतं. माझी लाज वाचावी म्हणून मी तिला तिच्या आईची मारेकरी करून टाकलं. इतकं सोपं होतं ते. एक शब्द, आणि पुन्हा तांदूळ.

ती उठली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. समदी मला समजावत्यात. खरं सांगणारी तू एकटीच." जाताना तिनं माझ्या दारातली सांडलेली बादली उभी करून ठेवली.

त्यानंतर ती बदलली. रागावणं बंद झालं. गाईवरसुद्धा आवाज चढवत नाही. कुणाशी बोलताना आधी थांबते, शब्द चाचपून बघते. लोक म्हणतात मंगल शहाणी झाली. काय झालं आहे ते मला माहीत आहे.

आणि त्यानंतर आलेल्या थंडीपासून मोरीच्या वळणाचं बोलणं सुरू झालं.

पहिल्यांदा मी ते गिरणीत ऐकलं. ट्रॅक्टरवाले म्हणतात, धुक्यात तिथं एक म्हातारी उभी दिसते. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, लोकांना काय, मेलेलं माणूस लागतंच बोलायला. त्यांनी व्हॅन विकायला काढली होती तेव्हा. विकेपर्यंत ती अंगणात उभी असायची, आणि सकाळी तिचं दार उघडं सापडायचं. कडी ढिली होती. एवढंच. आता ह्यांच्याकडं पिवळ्या पाटीची गाडी आहे, विमा सगळा भरलेला. एजंटनं विचारायच्या आत हे म्हणतात, आतल्यांचं घाला. मी त्या गाडीत बसत नाही.

मी स्वतःला समजावायची. ती तिथं कशी उभी राहील? ती त्या रस्त्यावर कधी उभी नव्हतीच. मोरीपाशी तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. ती फाट्यावर उभी होती आणि मग माझ्या शेजारी बसली होती. वळणावर तिला मी उभी केली, पोलिसांपुढं, वकिलापुढं, कंपनीच्या माणसापुढं. मग लोकांना दिसते ती कोण? माझं खोटंच दिसत असेल, असं मी म्हणायची. आणि खोट्याला काय भ्यायचं?

मागच्या थंडीत दात दुखत होता म्हणून मी सकाळच्या एस.टी.नं बारामतीला निघाले. वस्तीच्या थांब्यावर मंगल चढली, आणि माझ्याच शेजारी येऊन बसली. बाहेर तसंच धुकं. मोरीच्या वळणावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि थांबवली. कंडक्टरनं दार उघडलं. थंड हवा आत आली. कुणी चढलं नाही.

"काय रं, कशाला थांबलास?" कंडक्टर ओरडला.

"म्हातारी हुबी हाय की."

"कुठाय? हात केला का तिनं?"

"हात करत न्हाय ती. कवाच करत न्हाय. नुसती हुबी आसती."

"मग थांबतोस कशाला? तुझी सासू हाय का? तिकीट तू काढतोस का तिचं?" दोघंचौघं हसले.

"आता हिथं पिशवी घिऊन हुबं आसल्यालं माणूस दिसलं तर थांबू नको व्हय? ती बघ की. निळ्या चौकड्याची पिशवी हाय खांद्याला."

हसणं थांबलं नाही, पण मला ऐकू यायचं थांबलं.

ती पिशवी पंचनाम्यात नाही. ह्यांनी कुणाला सांगितलेली नाही. ती हौसाबाईंनी हातात धरली, ह्यांनी पाहिली, मी पाहिली, आणि कालव्यानं. माझ्या खोट्यात तर पिशवी नव्हतीच.

मंगल माझ्याकडं वळली. "आयपाशी कुठं पिशवी व्हती?" ती हळू म्हणाली. "निळ्या चौकड्याची तर आमच्या घरात कवाच न्हवती. का गं, भाभी?"

तिला माझ्याकडून दुसऱ्यांदा काहीतरी हवं होतं. मी मान खाली घातली. म्हणाले, "धुकं हाय. कायबी दिसतं मानसाला."

तिनं मान डोलावली. मग खिडकीची काच सरकवली, अंग बाहेर वाकवलं, आणि हात वर केला. नुसता धरला नाही. हलवला. फाट्यावर उभं राहून गाडीला करतात तसा. बराच वेळ ती तो हलवत होती, गाडी सुरू झाली तरी. कंडक्टर म्हणाला, "ताई, हात आत घ्या." ती ऐकत नव्हती.

मी मंगलच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. पिशवी म्हातारीच्या खांद्यालाच होती, माझ्या हातचे लांब बंद दिसत होते. दोन्ही हात मोकळे होते. तोंड लेकीकडं होतं. तिला हात उचलायचा होता, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की माझाच हात मांडीवर हलला.

तिनं उचलला नाही. मी 'न्हाय' म्हणाले होते.